वस्तऱ्यानं दाढी: वैशाख ते दिवाळी

१२ मे २०२४, रविवार

मेव्हण्याकडे पुण्याला गेलो होतो. सकाळी रिकामा वेळ मिळाला म्हणून जुन्या बाजारात शिरलो आणि एका गोणपाटावर, गंजलेल्या पान्यांच्या आणि बिनकाट्यांच्या घड्याळांच्या मध्ये, वस्तरा दिसला. अर्ध्या ब्लेडचा सलूनवाला नव्हे, खरा. विक्रेता आठशे म्हणाला, साडेतीनशेत दिला. मूठ तडकलेली, पात्यावर तपकिरी डाग. पण धारेला कुठे दात पडलेला नाही, पात्याला पीळ नाही. पात्याच्या मानेवरचं, म्हणजे मुठीलगतच्या बिनधारेच्या भागावरचं, कंपनीचं नाव पुसलंय. 'झोलिंगेन' आणि 'जर्मनी' एवढंच वाचता येतं.

बसमध्ये तोच हातात घेऊन बसलो होतो. शेजारचे गृहस्थ किणीच्या टोलनाक्यापर्यंत अंग चोरून होते.

ठरलंय असं: दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला या वस्तऱ्यानं स्वतःची दाढी करायची. पूर्ण चेहरा, आणि रक्त न काढता. सोळा वर्षं शिरोली एमआयडीसीत टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं बनतात तिथे, काढलीत. धार म्हणजे काय, हे निदान मला कुणी शिकवायला नको.

१३ मे

मापं घेतली. पात्याची रुंदी १७.५ मिमी, पाठीची, म्हणजे धारेच्या उलट्या जाड कडेची, जाडी ४.९. म्हणजे धारेचा कोन साधारण १६ अंश. वस्तऱ्याची गंमत इथंच आहे. दगडावर घासताना पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकवायच्या, की कोन आपोआप पकडला जातो. कोन धरून ठेवायला जिग नको, फिक्श्चर नको. पाठ झिजते, धार झिजते, कोन जवळजवळ तोच राहतो. हे ज्यानं पहिल्यांदा केलं त्याला आमच्या टूलरूममध्ये घ्यायला हवं होतं.

पातं दोन्ही अंगांनी खोलगट घासलेलं आहे. नखानं टिचकी मारली तर बारीक आवाज येतो.

'जर्मनी' या शिक्क्याचीही एक कथा आहे. १८८७ साली इंग्रजांनी कायदा केला. जर्मन माल ब्रिटिश म्हणून खपवला जातो अशी शेफिल्डवाल्यांची, म्हणजे इंग्लंडातल्या सुऱ्या-वस्तरे बनवणाऱ्या शहराची, ओरड होती, म्हणून परदेशी मालावर देशाचं नाव घालायला लावलं. लाज वाटावी म्हणून लावलेला शिक्का पुढे त्या मालाची शिफारस झाला. 'झोलिंगेन' हे नाव तर जर्मनीत १९३८ पासून कायद्यानं राखलेलं आहे. त्या शहरात आणि तिथल्या हद्दीत बनलेल्या पात्यांनाच ते घालता येतं.

मूठ जोरात चोळून वास घेतला. कापूर! म्हणजे सेल्युलॉइड. ते बनवताना कापूर घालतात. दिसायला छान, पण जुनं झालं की आम्लाच्या वाफा सोडतं आणि स्वतःच पात्याला गंज चढवतं. वर पेटतंही झटकन. मूठ बदलायची.

१९ मे

मूठ उतरवली. पिना दीड मिमीच्या, पितळी. डोकी घासून हळूच बाहेर ठोकल्या. पाण्याचा पॉलिश पेपर ६०० पासून २००० पर्यंत (आकडा वाढला की दाणा बारीक), गंज बराचसा गेला. पात्याच्या टाचेजवळ, मुठीकडच्या टोकाला, तीन खड्डे राहिलेत, धारेपासून लांब आहेत, तिथेच राहू देत. सगळं सर्जिकल स्पिरिटनं दोनदा पुसलं. कुणाच्या गालावर फिरलाय देव जाणे.

मुठीला घरातल्या मोडक्या पाटाची शिसवी फळी कामी आली. आईला अजून सांगितलेलं नाही.

पिना जरा जास्तच ठोकल्या. वस्तरा उघडायला दोन हात लागतात. पुन्हा काढून परत केलं. आता उघडतो, आणि उघडल्या जागी थांबतोही.

२६ मे

धार. तीन दगड: १०००, ३०००, ८०००. आधी दगडच सपाट केले. दगडावर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या आणि काचेवर चिकटवलेल्या पेपरवर सगळ्या रेषा पुसल्या जाईपर्यंत घासायचं. मग धारेवर काळ्या मार्करची रेघ ओढून दगडावर एकच हात मारला. मधली शाई गेली, टोकाकडची तशीच. म्हणजे टोक दगडाला टेकतच नाही. हात मारताना पातं किंचित तिरकं ओढत नेलं तेव्हा सगळी शाई एकसारखी उडू लागली.

दगडावर धार पुढे ठेवून ढकलायचं. धार परजायच्या कातडी पट्ट्यावर उलटं: पाठ पुढे, धार मागे. हे तोंडपाठ केलं, कारण पट्ट्यावर चूक झाली तर पट्टा कापला जातो.

१००० वर हौसेनं जास्तच घासलं. भिंगातून पाहिलं तर धारेवर चांदीच्या तारेसारखी बर, म्हणजे दुमडलेल्या पोलादाची बारीक किनार, आलेली. आमच्याकडे नवीन पोरगा असं करतो तेव्हा मी त्याची बिनपाण्यानं करतो. बर मोडून पुन्हा सुरुवात. एकूण चार तास गेले. शेवटी मनगटाचे केस त्वचेला न टेकता उडाले. डोक्याचा एक केस धरून धारेवर सोडला, दोन तुकडे.

बायको म्हणाली, "तुमच्या हातावरचे सगळेच काढणार आहात का?"

२ जून, रविवार

पहिली दाढी. जे झालं ते लिहून ठेवतो.

आंघोळीच्या आधी, तोंडावर दोन वेळा पाणी मारून, नेहमीची ट्यूबमधली क्रीम लावली. वस्तरा तीस अंशांत धरला, पुस्तकी. उजव्या गालावर कल्ल्यापासून खाली. पहिला हात चांगला गेला. खरखर असा आवाज येतो, कुणी शेजारच्या खोलीत पापड मोडतंय असा. दुसऱ्या हाताला पातं अडकलं. मी घाबरून कोन वाढवला, म्हणजे नेमकं करू नये तेच केलं. पातं खरवडत गेलं. गालफडाच्या हाडावर एक चीर. डाव्या गालाला हात उलटा कसा न्यायचा तेच कळेना, आरशात सगळं मागेपुढे. टोकानं कानाच्या पाळीखाली टोचलं. टोक कुठे आहे याचा मला पत्ताच नव्हता. लक्ष सगळं मधल्या धारेवर.

तुरटी फिरवली तेव्हा चेहऱ्याचा नकाशा समजला. जिथे आग, तिथे सालटं. आग नाही अशी जागा कपाळ.

उरलेली दाढी साध्या रेझरनं केली. धार उत्तम होती, हे मी शपथेवर सांगतो.

४ जून, मंगळवार

काल सोमवार, सलून बंद. आज लोकसभेची मतमोजणी. आण्णांच्या दुकानात टीव्हीवर आकडे पळत होते, खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्धा फेस घेऊन मान वळवून बघत होतं आणि आण्णांचा मुलगा वस्तरा वर धरून थांबला होता. आण्णा सत्तरी पार केलेले. आता खुर्चीमागे उभे राहत नाहीत, दारातल्या बाकावर पेपर घेऊन बसतात. पण मी पायरी चढायच्या आधी त्यांनी माझा गाल पाहिला.

"साहेब, ही कुणी केली?"

"मीच, आण्णा."

"बिनपाण्यानं?"

दुकान हसलं. मी वस्तरा खिशातून काढून दिला. त्यांनी तो उघडला, अंगठ्याचं नख ओलं करून धारेवर अलगद टेकवलं, मग तळहाताच्या गादीवर चार-पाच वेळा मागेपुढे फिरवला. इतक्या सहज, की मी नीट बघेपर्यंत मिटलासुद्धा.

"धार हाय," म्हणाले. "धारेचं काय न्हाई. तुमचा उजवा हात शिकलाय. डावा अजून शाळंतच गेला न्हाई."

मग विचारलं, साबण कशाचा, किती वेळ लावला, तोंड किती भिजवलं. माझी उत्तरं ऐकून पेपर वर घेतला. पेपराआडून एवढंच आलं: "रविवारी दुपारी या. वस्तरा घरात ठेवून या."

९ जून

वस्तरा न नेता गेलो. दोन तास फक्त फेस.

आण्णांच्या मते दाढी पाणी करतं, साबण ते पाणी धरून ठेवतो, वस्तरा नंतर येऊन फक्त झाडून नेतो. हे मी घरी येऊन ताडून पाहिलं. कोरडा केस तांब्याच्या बारीक तारेइतका चिवट असतो. पाणी प्याला की फुगतो, मऊ पडतो, पण त्याला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. मी वीस सेकंद देत होतो.

वाटीतला गोल साबण, ब्रश भिजवून झटकलेला, वाटीत गोल गोल फिरवायचं. पाणी थेंबाथेंबानं. माझा पहिला फेस फुगीर झाला, मोठे बुडबुडे, बघायला झकास. आण्णांनी फुंकर मारली, उडाला. "ही हवा हाय. हवेनं दाढी हुती व्हय?" दुसरा घट्ट झाला, पिठल्यासारखा, पात्याला चिकटून बसेल असा. चौथ्या वाटीला त्यांनी बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं आणि काही बोलले नाहीत. चकाकी होती, बुडबुडा दिसत नव्हता, ब्रश उलटा केला तरी पडत नव्हता.

लावायचाही एक क्रम आहे. आधी केसांच्या उलट गोल फिरवत, केस उभे राहतात. मग सरळ हातानं रंग दिल्यासारखा.

जाताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. पूर्वी त्यांच्या धोकटीत असे तीन वस्तरे असायचे, एक चालू, दोन धारेला. मग एड्सच्या बातम्या यायला लागल्या. भारतात पहिले रुग्ण सापडले १९८६ मध्ये. आण्णांच्या खुर्चीपर्यंत ती भीती पोचायला आणखी काही वर्षं गेली असतील. गिऱ्हाईक बसायच्या आधी विचारायला लागलं, नवीन ब्लेड हाय न्हवं? जुना वस्तरा कितीही उकळून घेतला तरी लोकांना पटेना. मग अर्धं ब्लेड मोडून घालायचा उस्तरा आला, गिऱ्हाइकासमोर पुडी फोडायची, काम झालं की टाकायचं. "बरंच झालं म्हणा," ते म्हणाले, "पण माझी धार लावायची विद्या गेली." त्यांचा मुलगा चांगला कारागीर आहे. त्यानं दगड कधी हातात धरलेला नाही.

१६ जून

फुगे. फुगा फुगवून त्यावर फेस लावायचा आणि वस्तऱ्यानं काढायचा. आण्णांच्या वेळी उलट्या मडक्यावर करायचे. मडकं फुटत नाही, पण कोन चुकला की आवाज करतं. सहा फुगे फुटले, सातवा वाचला. मुलीचा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे, तिनं उरलेले फुगे लपवून ठेवलेत.

२३ जून

वटपौर्णिमा परवा झाली. आण्णांच्या दुकानात आज गर्दी नव्हती, खुर्चीत मलाच बसवलं आणि मागे उभे राहिले. वस्तरा माझ्या हातात, त्यांची दोन बोटं माझ्या कानशिलावर. त्यांनी कातडं वर ओढलं तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की ताणायचं म्हणजे किती ताणायचं. मी गालाला बोट लावत होतो. ते गाल जागेवरून हलवत होते. ढोलकीची पुडी तशी त्वचा झाली आणि पातं त्यावरून आपल्याच वजनानं खाली आलं. खरखर नाही. टीचभर कापड फाटल्यासारखा एक अखंड आवाज.

"आता हे तुमच्या डाव्या हातानं करा."

झालं नाही. साबणानं बोटं सटकतात. त्यावर उपाय: बोटांना कोरडी तुरटी चोळायची. पकड बसते. पुढे जमलं. उजवा गाल, फक्त उजवा गाल, आणि बास. "रोज येक गाल," त्यांचा हुकूम.

सूचना माझ्या मला: (पातं पडलं तर पकडायला जायचं नाही. मागे सरायचं. न्हाणीघरात चप्पल घालून उभं राहायचं.)

७ जुलै

पट्टा हवा. ऑनलाइन मिळणारे दोन-अडीच हजारांचे. पण कोल्हापुरात राहून कातड्यासाठी पार्सल मागवायचं म्हणजे पन्हाळ्यावर राहून चढ शोधायला जाण्यातला प्रकार. सुभाषनगरात एका चपला बनवणाऱ्या कारागिराकडे गेलो. त्याला चपलेशिवाय कातडं मागणारा मी पहिलाच. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात, क्रोमियममध्ये नाही. २०१९ साली त्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. मला हवं होतं ते हेच, वनस्पतीनं कमावलेलं, पृष्ठभाग घट्ट. तळव्याचं म्हशीचं कातडं फार जाड. त्यानं गठ्ठ्यातून एक पातळ तुकडा काढला, वीस इंच लांब, तीन इंच रुंद कापून दिला. काचेच्या बाटलीनं अर्धा तास घोटला. दीडशे रुपये. बाटली त्याची.

एका टोकाला कडी, दुसऱ्याला धरायला मूठ. खिडकीच्या गजाला अडकवला. तिसाव्या फेरीला जरा वेग घेतला, पाठीवरून वळवायच्या ऐवजी धारेवरून वळलं. पट्ट्यात अर्धचंद्र. तोंडपाठ वगैरे सगळं होतं.

कारागिराचे शब्द नंतर आठवले: "दोन कापून देऊ का?"

१४ जुलै

दोन्ही गाल नीट. डाव्या गालासाठी वस्तरा डाव्या हातात घ्यायचा की उजव्या, हा वाद दोन आठवडे चालला होता, माझ्याशीच. आण्णा एकच हात वापरत, पण ते गिऱ्हाइकाभोवती फिरत. मी स्वतःभोवती कसा फिरणार. उजवाच हात, नाकासमोरून आडवा नेऊन. मूठ डोळ्यासमोर येते आणि आरसा झाकते. म्हणून आरशात बघणं सोडलं आणि आवाजावर चाललो. कान जास्त खरं सांगतो.

हनुवटी अजून साध्या रेझरनं.

२७ जुलै

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून वर. कारखान्याला सुट्टी, रस्ता बंद. कॉलनीत नळाला पाणी नाही, बोअर चालू आहे. त्या पाण्यानं फेस करायला घेतला आणि दही फाटल्यासारखा झाला. जड पाणी. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून त्याचा चोथा करतं, फेसाला साबण उरतच नाही. दुप्पट साबण घातला तरी तेच.

मग गच्चीच्या पागोळीखाली बादली लावली. पावसाचं पाणी, त्यात जडपणा नावाला नाही. त्या वाटीत जो फेस आला तसा फेस आण्णांच्या दुकानातही पाहिला नव्हता. शहरभर पाण्यानं हाहाकार आणि मी वाटी घेऊन खूश, याची लाजही वाटली. संध्याकाळी तालमीत पूरग्रस्तांसाठी भाकऱ्या गोळा करत होते, तिकडे जाऊन आलो.

२८ जुलै

काल दाढीनंतर वस्तरा पुसून न्हाणीघराच्या कपाटात ठेवला होता. आज धारेवर केशरी ठिपके. चोवीस तास पुरे झाले! कार्बनचं पोलाद, कोल्हापूरचा जुलै. ८००० च्या दगडावर पंचवीस हात मारावे लागले. आता कपाट बदललं. खोबरेल तेल नको, आठवड्यात चिकट होतं. आईच्या शिलाई मशीनचं तेल उत्तम, एक थेंब, बोटानं पसरून.

तेल मागायला गेलो तेव्हा तिनं पाटाबद्दल विचारलं.

५ ऑगस्ट, सोमवार

श्रावण लागला. बाबा श्रावण पाळतात, दाढी-कटिंग बंद. मी पाळत नाही, पण यंदा घरात वस्तरा परजताना दिसतो म्हणून मुद्दाम म्हणाले, "महिनाभर तेवढं राहू दे." राहू दिलं. रोज फक्त पट्टा, रिकाम्या हातानं, सावकाश.

१८ ऑगस्ट

दाढी बंद, वाचन चालू. २०२० साली एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक काम छापलं. केस पोलादापेक्षा जवळजवळ पन्नास पट मऊ, मग ब्लेड बोथट का होतं? उत्तर असं, की धार गुळगुळीत झिजत नाही, तिचे बारीक कपचे उडतात. केस वाकलेला असला, धार त्याला कडेला भिडली, आणि नेमक्या त्या ठिकाणी पोलादाची बांधणी सगळीकडे सारखी नसली, की कपचा निघतो.

म्हणजे वाकणारा केस वाईट. त्वचा ताणली, फेस दाट असला, तर केस उभा राहतो. आण्णांनी पहिल्या दिवशी 'डावा हात' म्हटलं ते माझ्या गालासाठी म्हटलं होतं. वस्तऱ्यासाठीही तेच होतं.

दुकानात जाऊन त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "पन्नास पट कुणी मोजलं?" एवढंच विचारलं.

४ सप्टेंबर

श्रावण संपला, परवा हरतालिका, शनिवारी गणपती. महिन्याच्या दाढीवर थेट वस्तरा घातला. मूर्खपणा. लांब केस पात्याखाली लोळतात, कापले जात नाहीत, ओढले जातात. डोळ्यांत पाणी. थांबलो, आधी ट्रिमरनं खुंट केले, तोंड पुन्हा भिजवलं, मग बरं गेलं. महिनाभरात हात विसरलेला नाही. कोन विसरलाय.

२२ सप्टेंबर

मान. मी समजत होतो केस सगळीकडे वरून खाली वाढतात. दोन दिवसांची दाढी वाढवून बोटानं चाचपून पाहिलं. गळ्याच्या डाव्या बाजूला केस कानाकडून घशाकडे, आडवे. घाटीच्या, म्हणजे कंठमण्याच्या, खाली चक्क खालून वर. उजवीकडे पुन्हा वेगळं. एका कागदावर बाण काढून आरशाला चिकटवला. आता पहिली फेरी बाणाबरोबर, दुसरी बाणाला आडवी. उलटी फेरी मानेवर करायची नाही, तिथे केस आत वळून पुळ्या येतात, हे एका आठवड्यात दोनदा शिकलो.

घाटीवर सरळ जायचं नाही. आवंढा गिळून घाटी वर धरायची आणि कातडं बाजूला ओढून सपाट भागावर आणायचं. श्वास अर्थातच बंद.

१२ ऑक्टोबर, दसरा

काल कारखान्यात खंडेनवमीची हत्यारपूजा. लेथ, ग्राइंडर, व्हर्निअर, सगळ्यांना झेंडूच्या माळा. घरी आज पाटावर पाना, स्क्रू-ड्रायव्हर, मुलीचा कंपास आणि वस्तरा. बायकोनं हळद-कुंकू वाहिलं. पाट शिसवी नव्हता, हे आईनं मोठ्यानं सांगितलं.

१३ ऑक्टोबर

कुंकवाचा ओला ठिपका रात्रभर पात्यावर राहिला. नेमका तिथे गंजाचा गोल ठिपका, मोहरीएवढा. काढला नाही. धारेपासून लांब आहे.

दाढी: गाल, हनुवटी, मान, ओठ. ओठावर नाकाला टोक लागू नये म्हणून नाक बोटानं वर ढकलून. तुरटी फिरवली, आग नाही. पुन्हा फिरवली, खात्रीसाठी. पंचवीस मिनिटं लागली. जूनमध्ये चाळीस लागली होती, तीही अर्ध्या चेहऱ्याला.

३१ ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

पहाटे साडेचार. पाट, रांगोळी, पणती. आईनं डोक्याला, तोंडाला तेल चोळलं, मग उटणं, मोती साबण, कढत पाणी. बाहेर मुलं फटाके लावतायत. ठरल्याप्रमाणे आरशासमोर उभा राहिलो, वाटीत फेस केला, गालाला लावला.

लावल्याबरोबर बसला. तेल! सहा महिने पाणी, साबण, दगड, कातडं, सगळ्याच्या नोंदी केल्या आणि अभ्यंगस्नानात तोंडाला तेल लावतात हे लक्षात आलं नाही. तेलावर फेस टिकत नाही, बोटं सटकतात, ताणलं जात नाही. तुरटीसुद्धा घसरते. तोंड तीनदा साबणानं धुतलं. दुसरा फेस केला. तोवर सगळे फराळाला बसलेले, बाबा बाहेरून दोनदा ओरडले की चकली मऊ पडतेय.

केली. हनुवटीखाली एक टिंब, टाचणीच्या टोकाएवढं. आईच्या मते ते कारीट फोडताना लागलं. मी नाही म्हणालो नाही.

१० नोव्हेंबर

आण्णांनी बोलावून घेतलं. मुलाला चहा आणायला पाठवलं, मग बाकाखालून धोकटी काढली. कातडी, शिवण उसवलेली. आत एक वस्तरा, पाठ झिजून निम्मी झालेली, पातं करंगळीच्या नखाएवढं रुंद उरलेलं. टीचभर सहाणेचा दगड मध्ये खळगा पडून पन्हाळीसारखा झालेला. माझ्या टूलरूममध्ये असा दगड दिसला असता तर मी फेकून दिला असता. त्यावर त्यांनी पंचवीस-तीस वर्षं धार लावली आणि कुणाच्या गालाला कळलं नाही.

"डोळ्याला आता दिसत न्हाई," ते म्हणाले. "तुमी लावून द्या."

घरी आणला. मार्करची शाई, ८०००, चाळीस हात, मग पट्टा. या पोलादाला दगड लागतो तोच वेगळा, माझ्यापेक्षा लवकर धरतो. संध्याकाळी परत नेला. त्यांनी नख ओलं करून टेकवलं, तळहातावर फिरवला, आणि मान हलवली. मग खुर्चीत स्वतः जाऊन बसले, टॉवेल गळ्यात घेतला आणि वाटी माझ्याकडे सरकवली.

मी फेस केला. ब्रश त्यांच्या गालाला लावला. आरशातून माझ्या हाताकडे बघत म्हणाले, "अजून पाणी. अजून. आता थांबा. न्हाई, थोडं अजून."